भालजी पेंढारकर

भालचंद्र गोपाळ पेंढारकर ऊर्फ भालजी पेंढारकर (निधन : २६ नोव्हेंबर, इ.स. १९९४, कोल्हापूर) हे मराठी व हिंदी चित्रपटांचे दिग्दर्शक, निर्माते, पटकथाकार, संवादलेखक, गीतकार व नाटककार होते. मूकपटांच्या काळात सुरू झालेली त्यांची कारकीर्द इ.स. १९८०च्या दशकापर्यंत, म्हणजे सुमारे सहा दशके चालू होती. शिवकालावर आधारलेले ऐतिहासिक चित्रपट आणि ग्रामीण जीवनाचे चित्रण करणारे सामाजिक चित्रपट यांसाठी ते विशेष प्रसिद्ध आहेत. कोल्हापूर येथील जयप्रभा स्टुडिओ ही त्यांची कर्मभूमी होय. कोल्हापुरात आणि चित्रपटव्यवसायात ते बाबा या नावाने ओळखले जात. भारतीय चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च समजला जाणारा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना इ.स. १९९१ या वर्षासाठी देण्यात आला. त्या वेळी त्यांनी वयाची नव्वदी ओलांडली होती.

पूर्वायुष्य

भालजींचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापूर येथे झाला. वडिलांचे नाव गोपाळ व आईचे नाव राधाबाई. प्रसिद्ध अभिनेते बाबुराव पेंढारकर हे त्यांचे थोरले बंधू. दिग्दर्शक व्ही. शांताराम हे त्यांचे मावसभाऊ होते, तर दिग्दर्शक व अभिनेते मास्टर विनायक हेही याच आप्तपरिवारातील. मराठी चित्रपटाच्या पहिल्या अर्धशतकातील चार मोठी नावे अशा रीतीने एकाच घराशी जोडलेली आहेत.

भालजींचे औपचारिक शिक्षण फार झाले नाही. तरुणपणी त्यांनी पुण्यात लोकमान्य टिळकांच्या केसरीत काही काळ काम केले. राष्ट्रीय विचारांचा जो संस्कार त्यांच्या पुढील सर्व लेखनात व चित्रपटांत दिसतो, त्याची मुळे या काळात आहेत. पुढे ते नाट्यलेखनाकडे वळले. संवाद लिहिण्याची त्यांची हातोटी रंगभूमीवर घडली आणि बोलपटांच्या काळात तीच त्यांची मोठी शिदोरी ठरली.

त्या काळचे कोल्हापूर हे कलांना आश्रय देणारे संस्थान होते. गायन, चित्रकला, नाटक आणि कुस्ती यांना छत्रपतींच्या दरबारातून प्रोत्साहन मिळत असे. कलामहर्षी बाबुराव पेंटर यांनी येथेच महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली व इ.स. १९२० मध्ये सैरंध्री हा मूकपट पडद्यावर आणला. याच कंपनीत काम शिकलेल्या व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल व केशवराव धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साहाय्याने इ.स. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. भालजींची घडण या वातावरणात झाली.

मूकपटांचा काळ

इ.स. १९२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या बाजीराव मस्तानी या मूकपटाच्या दिग्दर्शनात भालजींचा सहभाग होता. त्यानंतर बंधू बाबुराव यांच्या सहकार्याने त्यांनी वंदे मातरम् आश्रम हा चित्रपट काढला. इ.स. १९२६-२७च्या सुमाराच्या या चित्रपटात ब्रिटिश शिक्षणपद्धतीवर टीका होती व राष्ट्रीय शिक्षणाचा पुरस्कार करण्यात आला होता. लाला लजपतराय व मदनमोहन मालवीय यांच्या शिक्षणविषयक विचारांचा त्यावर प्रभाव होता. सरकारी परिनिरीक्षकांनी या चित्रपटाला हरकत घेतली. काही काळ बंदी आणि बरीच काटछाट सोसून तो प्रेक्षकांपुढे आला.

मूकपटात पात्रांना बोलता येत नसे व आशय मधल्या पाट्यांतून सांगावा लागे. तरीही परकीय सत्तेला या माध्यमाचे भय वाटले, हा अनुभव तरुण भालजींना बरेच काही शिकवून गेला. पुढे त्यांनी राष्ट्रीय आशय सांगण्यासाठी प्रामुख्याने पुराणकथांचा व इतिहासाचा आधार घेतला.

बोलपटांकडे

भारतात बोलपट सुरू झाल्यानंतर लगेचच, म्हणजे इ.स. १९३२ मध्ये, भालजींनी पुण्यातील सरस्वती सिनेटोन या दादासाहेब तोरणे यांच्या संस्थेसाठी श्यामसुंदर हा बोलपट दिग्दर्शित केला. कृष्णाच्या बालपणावरील या चित्रपटात शाहू मोडक व शांता आपटे हे दोघे किशोरवयीन कलाकार होते. मुंबईत तो सलग पंचवीस आठवडे चालला. भारतातील पहिला रौप्यमहोत्सवी चित्रपट म्हणून त्याची नोंद केली जाते. शाहू मोडक पुढे कृष्णाच्या भूमिकांसाठी देशभर प्रसिद्ध झाले, तर शांता आपटे प्रभातच्या आघाडीच्या गायिका-अभिनेत्री झाल्या.

इ.स. १९३३ मध्ये प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यास गेली. आपल्या नगरीतील चित्रपटव्यवसाय लयाला जाऊ नये म्हणून छत्रपती राजाराम महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन ही संस्था उभी राहिली. भालजींनी तेथे आकाशवाणी (इ.स. १९३४) व कालियामर्दन (इ.स. १९३५) हे चित्रपट दिग्दर्शित केले. यांपैकी पहिल्याच्या नावाचा नभोवाणीशी संबंध नाही. कंसाला त्याच्या मृत्यूविषयी ऐकू आलेली आकाशवाणी हा त्याचा विषय होता. पुढे बाबुराव पेंढारकर व मास्टर विनायक यांनी छायाचित्रकार पांडुरंग नाईक यांच्यासह हंस पिक्चर्स ही स्वतंत्र संस्था काढली. भालजी पौराणिक व संतचरित्रात्मक चित्रपट करीत राहिले. सावित्री (इ.स. १९३६), कान्होपात्रा (इ.स. १९३७) व गोरखनाथ (इ.स. १९४०) हे त्या काळातील त्यांचे उल्लेखनीय चित्रपट होत.

इ.स. १९४०च्या दशकात त्यांनी दोन मोठे हिंदी पौराणिक चित्रपट केले. महारथी कर्ण (इ.स. १९४४) मध्ये पृथ्वीराज कपूर यांनी कर्णाची भूमिका केली, दुर्गा खोटे यांचाही त्यात सहभाग होता. वाल्मीकि (इ.स. १९४६) मध्ये पृथ्वीराज वाल्मीकींच्या व तरुण राज कपूर नारदाच्या भूमिकेत होते. या दोन्ही चित्रपटांमुळे भालजींचे नाव महाराष्ट्राबाहेर पोहोचले. मुंबईस स्थायिक होऊन हिंदी चित्रपटांत जम बसविण्याची संधी त्यांच्यासमोर होती. त्यांनी मात्र कोल्हापूर सोडले नाही. या निर्णयाचे परिणाम त्यांच्या पुढील साऱ्या आयुष्यावर झाले.

जयप्रभा स्टुडिओ

कोल्हापूर सिनेटोनचा स्टुडिओ पुढे भालजींच्या ताब्यात आला व जयप्रभा स्टुडिओ या नावाने प्रसिद्ध झाला. लेखन, तालमी, नेपथ्य, वेशभूषा व चित्रीकरण ही सर्व कामे एकाच आवारात चालत. कलावंत व तंत्रज्ञ तेथे एखाद्या मोठ्या एकत्र कुटुंबाप्रमाणे वावरत. शिस्त कडक होती व मालकाची राहणी अत्यंत साधी होती. पन्हाळा व आसपासच्या डोंगराळ प्रदेशामुळे ऐतिहासिक चित्रपटांना लागणारी पार्श्वभूमी हाताशी होती.

इ.स. १९४८ची जाळपोळ

३० जानेवारी, इ.स. १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण असल्याचे कळताच पश्चिम व दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर व व्यवसायांवर हल्ले झाले. कोल्हापुरात या दंगलीची झळ तीव्र होती. हिंदुत्ववादी विचारांचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भालजींचा जयप्रभा स्टुडिओ या जाळपोळीत भस्मसात झाला. यंत्रसामग्री, नेपथ्य, कपडेपट यांबरोबरच मीठभाकर या चित्रपटाचे झालेले कामही आगीत नष्ट झाले.

या घटनेचा एक विषाद असा की, ज्या बहुजन समाजातील कलावंतांना, तंत्रज्ञांना व कारागिरांना या स्टुडिओने काम दिले होते, त्यांचीही उपजीविका त्याच आगीत सापडली. भालजींनी कर्ज काढून स्टुडिओची पुन्हा उभारणी केली आणि मीठभाकर नव्याने चित्रित केला. तो इ.स. १९४९ मध्ये प्रदर्शित झाला. त्याची कथा ग्रामीण कुटुंबाची होती. जळालेल्या जागेतून पुन्हा त्याच गावच्या साध्या माणसांची गोष्ट सांगणे भालजींनी पसंत केले. सूडाचा किंवा कटुतेचा स्वर त्यांच्या पुढील चित्रपटांत आढळत नाही.

आर्थिक फटका मात्र कधीच पूर्णपणे भरून निघाला नाही. कर्जाचा बोजा वाढत गेला व अखेरीस स्टुडिओ विकला जाण्याची वेळ आली. इ.स. १९५९ मध्ये गायिका लता मंगेशकर यांनी तो विकत घेतला. वडील मास्टर दीनानाथ यांच्या निधनानंतर इ.स. १९४०च्या दशकात लताबाईंनी मास्टर विनायक यांच्या कंपनीत काम केले होते. त्या दिवसांपासून मंगेशकर कुटुंबाचा कोल्हापूरशी व भालजींशी स्नेह होता. मालकी बदलल्यानंतरही भालजींचे काम तेथेच चालू राहिले.

ऐतिहासिक चित्रपट

नेताजी पालकर (इ.स. १९३९) या चित्रपटापासून भालजींच्या मराठेशाहीवरील बोलपटांची मालिका सुरू झाली. थोरातांची कमळा (इ.स. १९४१), बहिर्जी नाईक (इ.स. १९४३), छत्रपती शिवाजी (इ.स. १९५२), महाराणी येसूबाई (इ.स. १९५४), पावनखिंड (इ.स. १९५६), मोहित्यांची मंजुळा (इ.स. १९६३), मराठा तितुका मेळवावा (इ.स. १९६४) आणि गनिमी कावा (इ.स. १९८१) हे या मालिकेतील प्रमुख चित्रपट होत.

या यादीतील विषयांची निवड लक्षणीय आहे. शिवाजी महाराज हे केंद्रस्थान असले तरी भालजींनी त्यांच्याभोवतीच्या माणसांना वारंवार नायकत्व दिले. नेताजी पालकर हे सरनोबत, बहिर्जी नाईक हे हेरखात्याचे प्रमुख. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून महाराज विशाळगडाकडे जात असता घोडखिंडीत शत्रूला रोखून धरणारे बाजीप्रभू देशपांडे हे पावनखिंडचे नायक. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर सुमारे तीन दशके मोगलांच्या कैदेत काढणाऱ्या येसूबाईंवर स्वतंत्र चित्रपट काढणे हे त्या काळी धाडसच होते. राज्य हे एकट्या राजाचे नसून निष्ठावान माणसांच्या समूहाचे असते, ही धारणा या सर्व चित्रपटांमागे आहे.

छत्रपती शिवाजी हा मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काढलेला या मालिकेतील सर्वांत भव्य चित्रपट. महाराजांची भूमिका चंद्रकांत मांढरे यांनी केली, तर मिर्झाराजे जयसिंगांच्या भूमिकेत पृथ्वीराज कपूर होते. संगीत सी. रामचंद्र यांचे होते. चंद्रकांत यांनी रंगविलेले शिवाजी महाराज मराठी प्रेक्षकांच्या किमान दोन पिढ्यांच्या मनात ठसले. पाठ्यपुस्तकाबाहेरचा शिवकाल अनेक खेड्यांत प्रथम पोहोचला तो तंबूतील सिनेमातून, आणि त्यातील मोठा वाटा भालजींच्या चित्रपटांचा होता.

या चित्रपटांवर टीकाही झाली आहे. थोरातांची कमळा या चित्रपटातील संभाजी महाराजांची प्रेमकथा ऐतिहासिक साधनांवर आधारलेली नसून दंतकथा व नाट्यपरंपरा यांतून आलेली होती. पुढे वा. सी. बेंद्रे व डॉ. कमल गोखले यांच्या संशोधनाने संभाजी महाराजांचे चरित्र नव्याने मांडले आणि अशा कथांचा पाया निखळला. भालजींच्या चित्रपटांतील दीर्घ संवाद व नाटकी मांडणी यांकडेही समीक्षकांनी बोट दाखविले आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे चित्रपट पाहताना ते इतिहासग्रंथ नव्हेत, तर विसाव्या शतकातील महाराष्ट्राने आपल्या इतिहासाकडे कसे पाहिले याचे दस्तऐवज आहेत, हे ध्यानात ठेवणे इष्ट.

सामाजिक व ग्रामीण चित्रपट

सूनबाई (इ.स. १९४२), मीठभाकर, नायकिणीचा सज्जा (इ.स. १९५७), साधी माणसं (इ.स. १९६५), तांबडी माती (इ.स. १९६९) हे भालजींचे सामाजिक चित्रपट. त्यांतील साधी माणसं ही त्यांची सर्वोत्तम कृती मानणारा रसिकवर्ग मोठा आहे. लोहारकाम करून प्रामाणिकपणे जगणारे तरुण दांपत्य, त्यांचा एकमेकांवरील विश्वास आणि पैशाच्या व कपटाच्या जगाशी पडलेली त्यांची गाठ, एवढेच त्याचे कथासूत्र आहे. जयश्री गडकर व सूर्यकांत यांच्या भूमिकांनी तो अविस्मरणीय झाला. भाता, ऐरण, घण यांसारखी श्रमाची साधने या चित्रपटात शोभेसाठी येत नाहीत. ती त्या दांपत्याच्या संसाराचाच भाग होतात.

भालजींच्या संवादांची भाषा कोल्हापूर परिसरातील रांगड्या बोलीजवळची आहे. पुणे-मुंबईची प्रमाणभाषा हीच चित्रपटाची भाषा समजली जाण्याच्या काळात त्यांनी खेडुताला विनोदाचा विषय न करता त्याच्या बोलीत गंभीरपणे बोलू दिले. तांबडी माती या चित्रपटास इ.स. १९६९ या वर्षासाठीचा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

योगेश आणि आनंदघन

भालजींच्या चित्रपटांशी दोन टोपणनावे निगडित आहेत. योगेश या नावाने स्वतः भालजी गीते लिहीत. त्यांच्या काही गीतांना लता मंगेशकर यांच्या आवाजामुळे मराठी घराघरांत स्थान मिळाले; मात्र ती भालजींची आहेत हे अनेक श्रोत्यांना ठाऊक नसते.

आनंदघन हे दुसरे नाव. मोहित्यांची मंजुळा या चित्रपटासाठी संगीतकार मिळण्यात अडचण आली, तेव्हा लता मंगेशकर यांनी ती जबाबदारी स्वीकारण्याची तयारी दर्शविली. चित्रपट यशस्वी न झाल्यास त्यांच्या नावाला बाधा येईल, अशी चिंता भालजींना वाटली. तेव्हा टोपणनावाने संगीत देण्याचा मार्ग निघाला व समर्थ रामदासांच्या काव्यातून सुचलेले आनंदघन हे नाव निश्चित झाले. मोहित्यांची मंजुळा, मराठा तितुका मेळवावा, साधी माणसं व तांबडी माती हे आनंदघन यांचे चारही चित्रपट भालजींचेच आहेत. साधी माणसं या चित्रपटाच्या संगीतासाठी आनंदघन यांना महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला.

कलावंतांची घडण

कलावंत घडविणे हे भालजींच्या कार्याचे एक महत्त्वाचे अंग आहे. शाहू मोडक व शांता आपटे यांचा उल्लेख वर आला आहे. चंद्रकांत व सूर्यकांत या मांढरे बंधूंची कारकीर्द प्रामुख्याने त्यांच्या चित्रपटांतून बहरली. खडकलाटसारख्या लहान गावातून आलेल्या एका मुलीला त्यांनी जयप्रभा स्टुडिओत उमेदवारीचे धडे दिले व सुलोचना हे नाव दिले. सुलोचनाबाई पुढे मराठी व हिंदी पडद्यावरील वात्सल्यमूर्ती म्हणून मान्यता पावल्या आणि त्यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार मिळाला. उच्चार, उभे राहण्याची ढब, नऊवारी नेसून वावरण्यातील डौल, घोड्यावरची मांड अशा बारीकसारीक गोष्टी भालजी स्वतः शिकवीत, असे त्यांच्या तालमीत तयार झालेल्यांच्या आठवणींतून दिसते.

विच्छा माझी पुरी करा या लोकनाट्याने गाजत असलेले दादा कोंडके यांना त्यांनी तांबडी माती या चित्रपटात प्रथम पडद्यावर आणले. त्यानंतर दोनच वर्षांनी, इ.स. १९७१ मध्ये, दादांचा सोंगाड्या प्रदर्शित झाला. दोघांच्या चित्रपटांची जात अगदी भिन्न असूनही दादा भालजींना गुरुस्थानी मानीत. इ.स. १९८६ मधील शाब्बास सूनबाई हा भालजींच्या उतारवयातील चित्रपट. अभिनेत्री अश्विनी भावे यांचे मराठी पडद्यावरील पदार्पण त्यातून झाले.

दादासाहेब फाळके पुरस्कार

भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने केंद्र शासनाने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. इ.स. १९६९ या वर्षाचा पहिला पुरस्कार अभिनेत्री देविका राणी यांना मिळाला. सुवर्णकमळ, रोख रक्कम व शाल असे त्याचे स्वरूप असते आणि तो एखाद्या चित्रपटासाठी नव्हे, तर आयुष्यभराच्या कार्यासाठी दिला जातो.

भालजींना हा सन्मान इ.स. १९९१ या वर्षासाठी मिळाला. पुरस्कार सुरू झाल्यापासून बावीस वर्षे लोटली होती. त्या अवधीत हा पुरस्कार मिळालेल्यांची नावे पाहिली, तर त्यांतील अनेकजण भालजींच्या दिग्दर्शनाखाली काम केलेले किंवा त्यांच्या निकटवर्तुळातील होते असे दिसते :

* पृथ्वीराज कपूर (इ.स. १९७१) – महारथी कर्ण, वाल्मीकि व छत्रपती शिवाजी या चित्रपटांतील कलावंत
* दुर्गा खोटे (इ.स. १९८३) – महारथी कर्ण या चित्रपटातील कलावंत
* व्ही. शांताराम (इ.स. १९८५) – मावसभाऊ व समकालीन दिग्दर्शक
* राज कपूर (इ.स. १९८७) – वाल्मीकि या चित्रपटातील नारद
* लता मंगेशकर (इ.स. १९८९) – गायिका व आनंदघन या नावाने त्यांच्या चार चित्रपटांच्या संगीतकार

या विलंबाची काही कारणे भालजींच्या कारकिर्दीतच आढळतात. वाल्मीकि व छत्रपती शिवाजी यांच्यानंतर त्यांचे लक्ष मुख्यत्वे मराठी चित्रपटांवर राहिले आणि त्यांचे प्रेक्षक महाराष्ट्राच्या सीमेतच राहिले. शांताराम कोल्हापूरहून पुण्यास व पुण्याहून मुंबईस गेले. भालजी कोल्हापुरातच राहिले. इ.स. १९५०च्या दशकापासून भारतीय चित्रपटांची आंतरराष्ट्रीय महोत्सवांतून चर्चा होऊ लागली, ती वास्तववादी व प्रयोगशील चित्रपटांची. तंबूत व तालुक्याच्या चित्रपटगृहात गर्दी खेचणाऱ्या शिवकालीन चित्रपटांकडे त्या चर्चेत फारसे लक्ष गेले नाही. स्वतःची प्रसिद्धी करण्याचा स्वभाव नसणे, हेही एक कारण म्हणता येईल.

पुरस्कार आला तेव्हा भालजींच्या पिढीतील बहुतेक सोबती काळाच्या पडद्याआड गेले होते. मास्टर विनायक इ.स. १९४७ मध्ये, बाबुराव पेंढारकर इ.स. १९६७ मध्ये, पृथ्वीराज कपूर इ.स. १९७२ मध्ये, राज कपूर इ.स. १९८८ मध्ये व शांताराम इ.स. १९९० मध्ये निवर्तले. दुर्गा खोटे यांचे निधन तर पुरस्काराच्या वर्षातच, सप्टेंबर १९९१ मध्ये झाले. मूकपटापासून रंगीत चित्रपटापर्यंतचा सारा प्रवास दिग्दर्शकाच्या खुर्चीतून पाहिलेले मोजकेच लोक तेव्हा हयात होते. त्यामुळे हा गौरव एका व्यक्तीबरोबरच कोल्हापूरच्या संपूर्ण चित्रपटपरंपरेचा गौरव मानला गेला. महाराष्ट्रात या निर्णयाचे स्वागत झाले आणि इतका उशीर का, हा प्रश्नही त्याबरोबर विचारला गेला. विशेष म्हणजे मुंबईऐवजी आयुष्यभर एका जिल्ह्याच्या ठिकाणी राहून मुख्यतः मराठी चित्रपट काढणाऱ्या दिग्दर्शकाचा हा सन्मान होता. प्रादेशिक भाषेतील काम राष्ट्रीय मोलाचे असू शकते, याची ती उशिरा मिळालेली पावती होय.

कुटुंब व आत्मचरित्र

अभिनेत्री लीलाबाई (पूर्वाश्रमीच्या लीला चंद्रगिरी) या भालजींच्या पत्नी. आकाशवाणी व इतर चित्रपटांतून त्यांनी भूमिका केल्या. भालजींचे पुत्र प्रभाकर पेंढारकर हे अनुबोधपटांचे दिग्दर्शक व लेखक. सीमावर्ती भागातील रस्तेबांधणीवरील रारंगढांग ही त्यांची कादंबरी मराठीत मान्यता पावली. जयप्रभा स्टुडिओची कहाणी त्यांनी एका स्टुडिओचे आत्मवृत्त या पुस्तकात सांगितली आहे. नाच गं घुमा या आत्मकथनाच्या लेखिका माधवी देसाई या भालजींच्या कन्या. एकाच घरातील हे दोन्ही लेखक वडिलांच्या छायेत न राहता आपापल्या अनुभवाचे लेखन करीत राहिले.

भालजींचे आत्मचरित्र साधा माणूस या नावाने प्रसिद्ध झाले आहे. आपल्या सर्वांत लोकप्रिय सामाजिक चित्रपटाच्या नावाशी जवळीक सांगणारे हे शीर्षक त्यांच्या राहणीला व स्वभावाला साजेसे आहे.

निधन व वारसा

पुरस्कारानंतर भालजींना फार काळ लाभला नाही. २६ नोव्हेंबर, इ.स. १९९४ रोजी कोल्हापूर येथे त्यांचे निधन झाले.

भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त इ.स. २०१३ मध्ये टपाल खात्याने पन्नास चित्रकर्मींवर तिकिटे काढली, त्यांत भालजींचा समावेश होता. जयप्रभा स्टुडिओचे भवितव्य मात्र दीर्घकाळ वादाचा विषय राहिले. इ.स. २०२२ मध्ये त्याच्या जागेच्या विक्रीचा प्रश्न पुढे आला, तेव्हा कोल्हापुरातील कलावंत, तंत्रज्ञ व नागरिकांनी ही वास्तू चित्रीकरणासाठीच राखावी या मागणीसाठी आंदोलन केले. भालजींच्या निधनाला पाव शतकाहून अधिक काळ लोटल्यावरही त्यांच्या स्टुडिओसाठी लोक रस्त्यावर उतरले, यावरून त्या वास्तूचे शहराच्या जीवनातील स्थान लक्षात येते.

मराठी चित्रपटाच्या इतिहासात शांताराम हे तंत्राच्या व प्रयोगाच्या अंगाने, मास्टर विनायक हे विनोद व सामाजिक उपहासाच्या अंगाने, तर भालजी हे इतिहास व ग्रामसंस्कृती यांच्या अंगाने स्मरणात आहेत. मराठीत आज शिवकालावर जे चित्रपट निघतात, त्यांचे तंत्र पूर्णतः वेगळे असले तरी बाजीप्रभू, बहिर्जी, येसूबाई यांसारख्या व्यक्तींना पडद्यावर मध्यवर्ती स्थान देण्याची वाट भालजींनीच पाडली होती.

निवडक चित्रपट

* श्यामसुंदर (इ.स. १९३२)
* आकाशवाणी (इ.स. १९३४)
* कालियामर्दन (इ.स. १९३५)
* सावित्री (इ.स. १९३६)
* कान्होपात्रा (इ.स. १९३७)
* नेताजी पालकर (इ.स. १९३९)
* गोरखनाथ (इ.स. १९४०)
* थोरातांची कमळा (इ.स. १९४१)
* सूनबाई (इ.स. १९४२)
* बहिर्जी नाईक (इ.स. १९४३)
* महारथी कर्ण (हिंदी, इ.स. १९४४)
* वाल्मीकि (हिंदी, इ.स. १९४६)
* मीठभाकर (इ.स. १९४९)
* छत्रपती शिवाजी (मराठी व हिंदी, इ.स. १९५२)
* महाराणी येसूबाई (इ.स. १९५४)
* पावनखिंड (इ.स. १९५६)
* नायकिणीचा सज्जा (इ.स. १९५७)
* मोहित्यांची मंजुळा (इ.स. १९६३)
* मराठा तितुका मेळवावा (इ.स. १९६४)
* साधी माणसं (इ.स. १९६५)
* तांबडी माती (इ.स. १९६९)
* गनिमी कावा (इ.स. १९८१)
* शाब्बास सूनबाई (इ.स. १९८६)